पाव नंबरचा फरक

शनिवारी सव्वाआठ.
ए-फोर्टीन, केंब्रिज मागे पडलेलं,
लेन दोनच
आणि दोन्हींत लॉऱ्या.
डावीकडे बटाट्यांची,
उजवीकडे फेलिक्स्टोव बंदराकडे निघालेला निळा कंटेनर,
जो आत्ताच, अगदी माझ्या नाकासमोर,
इंडिकेटर एकदाच मिचकावून बाहेर आला,
जणू एकाएकी आठवलं त्याला
की आपल्याला घाई आहे.

घाई म्हणजे किती?
ह्याची ताशी छप्पन्न मैल. त्याची साडेपंचावन्न.
दोघांच्याही इंजिनालाच वेसण,
पाय कितीही रेटा, आकडा हलत नाही.
हे मला माहीत आहे.
माहीत असूनही मी तळवा आपटते स्टिअरिंगवर.
चार मिनिटं लागतात. साडेतीन मैल.
चढ लागला तर देव जाणे,
आणि पुढे न्यूमार्केटचा चढ आहे.

लग्नात भटजींचं शेवटचं मंगलाष्टक संपतं
आणि नेमकी तेव्हाच नवरीची मावशी
पर्समधून घडी घातलेला कागद काढते,
स्वतः रचलेलं, अकरा कडव्यांचं.
ते दोघं उभे, हार हातात,
आणि आम्ही मागे
घामेजल्या मुठीत अक्षता धरून
तीस-चाळीस गाड्या.

आरशात एक काळी ऑडी, इतकी जवळ
की तिचे दिवे दिसत नाहीत,
दिसते फक्त चालवणाऱ्याची दाढी.
डावीकडून घुसणं इथे पाप.
इचलकरंजीत मी स्कूटी काढली असती कुठल्याही फटीतून,
ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची विचारपूस करत.
इथे हॉर्नसुद्धा नाही कुणाचा.
काचा वर करून जो तो
आपापल्या भाषेत.

मी माझ्या.
"सरक की रं पुढं, मुडद्या!
वरात काढलीयास व्हय?
जमत न्हाई तर कशाला आलास मधी,
बस की गप त्याच्या ढुंगणामागं!"

अन्वय एकदा मागच्या सीटवरून म्हणाला होता,
आई, तू फक्त गाडीतच अशी बोलतेस.
खरंय.
घरातलं माझं मराठी
मंडळाच्या कार्यक्रमाला नेसलेली साडी,
जागोजाग पिना लावलेली.
आठवड्यातून ही चार मिनिटं
मी इचलकरंजीची असते.

मग बटाटेवाला दिवे लुकलुकवतो:
ये, झाला तू पुढे.
अर्धा मैल सोडला असेल त्यानं, जास्त नाही.
निळा हळूच आत येतो,
डावा, उजवा, डावा, इंडिकेटरनंच आभार मानतो,
आणि ऑडी, मी, सगळे
सुटतो शाळेतून सुटल्यासारखे.
जाताना मी वर बघते, खुन्नस द्यायची म्हणून.
निळ्याचा ड्रायव्हर केळं सोलतोय.
माझ्याकडे त्याचं लक्षही नाही.

नऊ वाजून सहा मिनिटं. बरी सेंट एडमंड्स.
मिस्टर पेटिफर, वय एक्क्याऐंशी,
खुर्चीत कधीचे बसलेत, टोपी मांडीवर.
मी त्यांच्या नाकावर चौकट ठेवते,
दिवे मंद करते,
भिंग सरकवते.
पहिलं बरं दिसतं, की दुसरं?

"पुन्हा दाखवा."

पहिलं. की दुसरं?

"सारखीच वाटतात. नाही, थांबा.
दुसरं... पहिलं जरा... पुन्हा एकदा?"

पाव नंबरचा फरक आहे दोन्हींत.
बाहेर बाकावर तिघंजण.
केरी दारातून डोकावून मनगटावर बोट आपटते.
कुणीतरी खोकतं, मुद्दाम.

सावकाश, मी म्हणते,
पिना लावलेल्या इंग्रजीत,
आणि पुन्हा सरकवते भिंग.
पहिलं.
की दुसरं?